उष्णतेचे चित्र म्हणजे निदान नव्हे

हल्ली सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून शिकवण्यांच्या आणि साड्यांच्या सेलच्या जाहिरातींबरोबर आणखी एक रंगीत पत्रक घरोघरी येऊन पडते. ‘स्तनाच्या कर्करोगाची तपासणी! स्पर्श नाही, वेदना नाही, क्ष-किरण नाहीत! दहा मिनिटांत रिपोर्ट!’ असा त्यावरचा मजकूर असतो आणि शेजारी लाल, पिवळ्या, निळ्या रंगांत रंगवल्यासारखे दिसणारे एका स्त्रीदेहाचे चित्र असते. या तपासणीला थर्मोग्राफी म्हणतात. ‘बाई, ही तपासणी करून घेऊ का?’ हा प्रश्न मला दवाखान्यात विचारला जातो, तसा लग्नकार्यात आणि भाजीबाजारातही विचारला जातो. काही वाचक भगिनींनी पत्राने विचारणा केली आहे. म्हणून आजचा लेख याच विषयावर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. एकट्या थर्मोग्राफीच्या भरवशावर कोणत्याही स्त्रीला ‘तुम्हाला कर्करोग नाही’ असे सांगणे अयोग्य आहे. ज्या शिबिरात तसे सांगितले जाते, तेथे उपकारापेक्षा अपकारच अधिक होतो. मत कडक वाटेल, पण त्यामागची कारणे वाचल्यावर वाचकांनी स्वतःच निर्णय करावा.

हा कॅमेरा पाहतो तरी काय?

चुलीतला निखारा वरून राखेने झाकला गेला की विझल्यासारखा दिसतो. पण हात जवळ नेला की धग लागते. ही धग म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमापकाचा पारा चढला. या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. इन्फ्रारेड हा शब्दही आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे.

आपल्या कातडीतूनही हे किरण सतत बाहेर पडत असतात. थर्मल कॅमेरा ते टिपतो आणि कोठे किती धग आहे याचे चित्र काढतो. चित्रातले रंग शरीरातले नसतात. गरम भागाला लाल आणि थंड भागाला निळा रंग संगणक देतो. कॅमेरा शरीरात काहीही सोडत नाही, त्यामुळे त्यापासून थेट अपाय नाही, हा पत्रकातील दावा खरा आहे. पण त्याच कारणाने हा कॅमेरा शरीराच्या आत पाहूही शकत नाही. तो पाहतो ती फक्त कातडीची उष्णता, एवढे वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे.

या कॅमेऱ्याचे धाकटे भावंड आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. २०२० साली कोरोनाच्या काळात दुकानाच्या आणि कचेरीच्या दारात कपाळावर रोखली जाणारी ‘बंदूक’ आठवते ना? उन्हातून आलेल्या माणसाला ती ताप दाखवायची आणि वातानुकूलित गाडीतून उतरलेल्याला चौऱ्याण्णव! विमानतळांवर असे कॅमेरे २००३ च्या सार्स साथीत सिंगापूरसारख्या ठिकाणी वापरले गेले होते. कोरोनात जानेवारी ते सप्टेंबर २०२० या काळात अमेरिकेच्या विमानतळांवर सुमारे ७ लाख ६६ हजार प्रवाशांचा ताप पाहण्यात आला आणि त्यांना लक्षणेही विचारण्यात आली. या सर्व खटाटोपातून कोरोनाचे निदान किती जणांचे झाले? अवघ्या ९ जणांचे. कारण आजार असूनही ताप नसलेली माणसे पुष्कळ होती. उष्णता म्हणजे रोग नव्हे आणि उष्णता नाही म्हणजे रोग नाही असेही नव्हे, हा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

कल्पना चांगली, परीक्षेत नापास

कर्करोगाच्या गाठीची वाढ जोरात होत असते. तिला रक्तपुरवठा जास्त लागतो, म्हणून ती जागा गरम असावी, हा तर्क चुकीचा नाही. कॅनडातील मॉन्ट्रियलचे डॉ. रे लॉसन यांनी १९५६ साली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत गाठीवरील कातडी अधिक उष्ण असल्याचे नोंदवले. त्यानंतर वैद्यकीय जगात मोठी आशा निर्माण झाली.

आशेची परीक्षाही झाली. १९७३ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड प्रकल्प सुरू झाला. त्यात सुमारे २ लाख ८० हजार स्त्रियांनी भाग घेतला. हाताने तपासणी, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो, आणि थर्मोग्राफी अशा तिन्ही पद्धती आरंभी वापरल्या गेल्या. थर्मोग्राफीला निम्म्या कर्करोगांचाही पत्ता लागेना. तेव्हा काही वर्षांतच ती या प्रकल्पातून वगळण्यात आली. १९८२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली, ती फक्त जोडीची तपासणी म्हणून. म्हणजे मॅमोग्राफीसारख्या तपासणीबरोबर करा, तिच्या जागी नको. तरीही जाहिराती थांबेनात, म्हणून त्याच खात्याला २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली जनतेला जाहीर इशारा द्यावा लागला, की थर्मोग्राफी हा मॅमोग्राफीला पर्याय नाही. पत्रकात ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ असे ठळक छापलेले असते. ही पुढची हकीकत मात्र छापलेली नसते.

असे का व्हावे? कारण साधे आहे. स्तनातील गाठ बऱ्याचदा खोलवर असते. तिच्यावर चरबीचा थर असतो आणि कातडीखालून वाहणारे रक्त उष्णता इकडची तिकडे पसरवीत असते. जाड गोधडीवर हात फिरवून आत झोपलेल्याला ताप आहे की नाही हे ठरवावे, तसला हा प्रकार आहे. काही कर्करोग तर मुळात फारसे गरम नसतातच. उलट अंगावर पाजणाऱ्या आईचे स्तन, पाळीच्या आधीचे दिवस, साधा गळू, एवढेच काय पण कडक उन्हात केलेली पायपीट, यांनीही चित्रात लाली येते. मॅमोग्राफीत मिठाच्या कणाएवढे चुन्याचे बारीक कण दिसतात आणि गाठ हाताला लागण्याच्या आधी कर्करोगाचा संशय येतो. उष्णतेच्या चित्रात हे कण दिसणे शक्य नाही.

मॅमोग्राफीतील क्ष-किरणांची भीती घालून थर्मोग्राफी खपवली जाते, तेव्हा त्याविषयीही सांगते. जमिनीतून आणि आकाशातून आपल्या सर्वांवर रोजच थोडा किरणोत्सर्ग पडत असतो. एका मॅमोग्राफीत मिळणारा डोस या नित्याच्या किरणोत्सर्गाच्या साधारण सात आठवड्यांइतका असतो. तेवढ्यासाठी ही तपासणी टाळणे शहाणपणाचे नाही.

मांडवातली तपासणी

आता आपल्याकडची परिस्थिती पाहू. थर्मोग्राफी नीट करायची तर खोलीचे तापमान साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस हवे. वाऱ्याचा झोत नको, खिडकीतून ऊन नको. कपडे काढून पंधरा मिनिटे शांत बसावे लागते, म्हणजे कातडी खोलीच्या हवेला सरावते. त्या आधी गरम पाण्याने अंघोळ, तंबाखू, अंगाला तेल किंवा मलम हे सारे वर्ज्य असते.

आपली शिबिरे भरतात शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात, नाहीतर पटांगणातल्या मांडवात. चैत्र-वैशाखात बाहेर ४० अंश, डोक्यावर पत्रा, कोपऱ्यात भणभणणारा पंखा आणि पडद्याआड एकामागून एक जाणाऱ्या पन्नास बायका. हवाच कातडीएवढी तापलेली असेल तर कॅमेऱ्याने फरक ओळखायचा तरी कसा? चित्र तरीही येते आणि सुंदर रंगीत येते. तेच तर फसवे आहे. रक्त तपासणीचा नमुना खराब झाला तर प्रयोगशाळा तो परत पाठवते. येथे चांगल्या आणि वाईट चित्रातला फरक घरी नेणाऱ्या बाईला कळणे शक्य नाही.

थोडा हिशेब

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडते. शिबिराला १००० स्त्रिया आल्या आणि त्यांपैकी ४ जणींना कर्करोग आहे असे धरू. तपासणी निम्मेच कर्करोग पकडते आणि निरोगी स्त्रियांपैकी दहात एकीवर खोटा संशय घेते असे धरू. मग २ जणींचा रोग सापडेल. सुमारे १०० जणींना विनाकारण धसका बसेल, त्या जिल्ह्याच्या गावी खेपा घालतील, उसनवारी करतील. उरलेल्या सुमारे ९०० जणी हिरवा शेरा असलेला कागद घेऊन आनंदाने घरी जातील. त्या ९०० जणींमध्ये कर्करोग असलेल्या २ जणी असतील. मला काळजी वाटते ती या दोघींची. तपासणीला गेल्याच नसत्या, तर गाठ जाणवल्यावर कधीतरी त्यांनी डॉक्टर गाठला असता. आता त्यांच्या हाती ‘काही नाही’ असे सांगणारा कागद आहे.

हे नुसते कागदी गणित नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची एक शेतमजूर स्त्री माझ्याकडे आली. डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ लागल्यावर ती गावातल्या शिबिराला गेली होती. तेथे कोणी हात लावून पाहिले नाही, ‘स्पर्श नाही’ हेच तर त्या शिबिराचे वैशिष्ट्य! कॅमेऱ्याने चित्र काढले, रिपोर्ट हिरवा आला. सात महिन्यांनी काखेतही गाठ आली तेव्हा ती दवाखान्यात आली, आणि येताना प्लास्टिकच्या पिशवीत तो रिपोर्ट जपून घेऊन आली. ‘कागद तर चांगला आला होता ना बाई?’ असे तिने मला विचारले. तिच्यावर उपचार चालू आहेत, ती धीराची आहे. पण ते सात महिने कोणीही तिला परत देऊ शकत नाही.

‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे खरे का?

शिबिरे भरवणारे कार्यकर्ते मला सांगतात, ‘बाई, तालुक्याला मॅमोग्राफीचे यंत्र नाही. बायका लाजतात, पुरुष डॉक्टरला दाखवत नाहीत. दगडापेक्षा वीट मऊ.’ त्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांची अडचणही खरी आहे. मॅमोग्राफी सर्वत्र नाही, ती महाग पडते, आणि तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत तिलाही गाठ नीट दिसत नाही. बायकांच्या लाजेची थट्टा करण्याचेही कारण नाही. परंतु वीट मऊ आहे म्हणून तिची उशी होत नाही. लाजेवरचा उपाय म्हणजे तपासणाऱ्या स्त्रिया तयार करणे.

आपल्या देशात या तंत्रावर नव्याने कामही चालू आहे. २०१६ साली बंगळुरूत स्थापन झालेली एक कंपनी उष्णतेची चित्रे संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून वाचून घेते. जुन्या काळी डॉक्टरच्या नजरेवर अवलंबून असलेले वाचन यामुळे सुधारू शकेल. अशा संशोधनाला माझा विरोध नाही, ते जरूर व्हावे. पण स्त्रियांचे मृत्यू एखाद्या तपासणीमुळे खरोखर कमी होतात, हे हजारो स्त्रियांवर वर्षानुवर्षे पाहून सिद्ध व्हावे लागते. थर्मोग्राफीबाबत ते सिद्ध झालेले नाही.

उष्णता कामाची कोठे?

उष्णता पाहणे सर्वस्वी निरुपयोगी आहे असा कोणी समज करून घेऊ नये. मधुमेहींच्या पायांचेच उदाहरण घ्या. पाय बधिर झाला की खडा टोचलेला कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही. पण जखम होण्याआधी ती जागा सुजते आणि गरम होते. वेल्लोर आणि नंतर अमेरिकेतील कारव्हिल येथे कुष्ठरुग्णांच्या बधिर हातापायांवर आयुष्यभर काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी या गरम जागांचे महत्त्व ओळखले होते. पुढे मधुमेही रुग्णांना साधे अवरक्त तापमापक देऊन चाचण्या झाल्या. दोन्ही पायांच्या त्याच जागेच्या तापमानात २.२ अंश सेल्सिअसहून अधिक फरक दिसला, की चालणे कमी करून डॉक्टरला कळवायचे, एवढाच नियम. त्यामुळे जखमांचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले.

येथे ही युक्ती का साधते? कारण बिघाड कातडीच्या जवळ असतो, तुलना आपल्याच दुसऱ्या पायाशी असते, आणि अंदाज चुकला तरी नुकसान होते ते दोन दिवसांच्या विश्रांतीचे. स्तनाच्या बाबतीत रोग खोल असतो आणि चुकीची किंमत प्राणांची असते. यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच नव्हे, ते कोणत्या कामाला जुंपले आहे हे पाहावे.

मग करायचे काय?

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. जागतिक अंदाजानुसार २०२२ साली आपल्या देशात त्याचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, आणि त्या वर्षी ९८ हजारांवर स्त्रिया त्याने दगावल्या. तेव्हा तपासणी हवीच. ती कोणती, याचे एक उत्तर आपल्या मुंबईनेच जगाला दिले आहे.

टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक मोठी चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन आरोग्य सेविका केले, आणि त्यांनी निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांचे स्तन दर दोन वर्षांनी हाताने तपासले. वीस वर्षांच्या पाहणीनंतर २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हाताने तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यू तसे घटलेले दिसले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ज्या ‘स्पर्शा’ला पत्रके नावे ठेवतात, त्या शिकवलेल्या स्पर्शाने प्राण वाचले, हे वीस वर्षे मोजून दाखवलेले सत्य आहे. त्यासाठी ना यंत्र लागले, ना वीज.

सरकारी कार्यक्रमातही तिशीवरील स्त्रियांच्या स्तनांची तपासणी समाविष्ट आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तो याच कामाचा भाग आहे. उपकेंद्रातील, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील, नर्सताईंकडून ही तपासणी मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

याखेरीज पुढील खुणा प्रत्येक स्त्रीने ध्यानात ठेवाव्यात. स्तनात किंवा काखेत नवी गाठ, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त येणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होणे, एका स्तनाचा आकार बदलणे. यांपैकी काहीही दिसले तर पंधरा दिवसांच्या आत डॉक्टरला दाखवा. गाठ दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. घाबरूनही जाऊ नका, तरुण वयातील बहुतेक गाठी साध्या असतात. पण साधी की वाईट हे ठरते तीन पायऱ्यांनी. डॉक्टरने हाताने तपासणे, वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने तुकडा काढून त्याची तपासणी. सुईने रोग पसरतो ही समजूत खोटी आहे. पैशाअभावी कोणी थांबू नये, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे.

शिबिरवाल्यांना विनंती

गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे, पतसंस्था आणि दानशूर मंडळींना माझे हात जोडून सांगणे आहे. शिबीर जरूर भरवा. पण कॅमेऱ्याच्या भाड्याचे पैसे दोन प्रशिक्षित नर्स आणि एक स्त्री डॉक्टर आणण्यावर खर्च करा. गाठ सापडलेल्या बाईला जिल्हा रुग्णालयात नेणाऱ्या गाडीची सोय करा आणि तिच्याबरोबर जायला आपली एक कार्यकर्ती द्या. शिबिरानंतर महिन्याने तिच्या घरी जाऊन पुढे काय झाले ते विचारा. फोटो छापून येणार नाही, पण बाई वाचेल.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडेही माझी मागणी आहे. थर्मोग्राफीच्या प्रत्येक रिपोर्टवर ‘या तपासणीवरून कर्करोग नाही असे ठरत नाही. गाठ असल्यास डॉक्टरला दाखवा’ ही दोन वाक्ये मराठीत, मोठ्या अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. याला खर्च काही नाही.

आणि ज्या भगिनींनी ही तपासणी आधीच करून घेतली आहे, त्यांनी तो कागद फाडण्याचे कारण नाही आणि त्यावर विसंबण्याचेही नाही. तो बाजूला ठेवा आणि या आठवड्यात एकदा जाणत्या हाताकडून तपासून घ्या.